रबरी माशांच्या वाकड्या शेपट्या

वायरमनचं डोकं चक्रावलं होतं. गळाला लावायचे मऊ रबरी मासे तो ज्याच्या त्याच्या पाकिटात सरळ झोपवून, वडिलांच्या, अण्णांच्या, उशाशी असलेल्या कपाटात उन्हापासून लांब ठेवायचा. तरी दर सुट्टीला मासेमारीला निघताना बघावं तर मेल्यांच्या शेपट्या वाकड्याच! डबा बदलला, कप्पा बदलला, बायकोवर उगाच खेकसून झालं. कशाचा कशाला मेळ लागेना.

आज तो दुपारीच घरी टपकला. कंबर मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेले अण्णा एकेक मासा पालथा करून परत पाकिटात कोंबत होते.

"अण्णा, अहो हे काय चालवलंय?"

"एकाच कुशीवर पडून अंग आखडतं रे," अण्णा म्हणाले. "त्यांची कूस बदलायला निदान मी तरी आहे."