भोपळ्यावाचून

“वैनी, ह्यो कॅन बांदू का पोरीच्या पाटीला?”

धुळाप्पा भावजी विहिरीच्या कडेला उभे होते. त्यांच्या हातात गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन होता आणि त्याला सुती दोरी ओवून तयार होती.

“कुणाच्या? ऋतुजाच्या?” मी म्हणाले. “तिला कदी भोपळा लागला न्हाय, आन् आता कॅन बांदताय?”

“तसं न्हाय, पर...”

“पर-बिर काय न्हाय. ठिवा तो खाली.”

माझे हे दीर सत्तरीला आले, तरी माझ्यापुढे वाद घालत नाहीत. त्यांनी कॅन खाली ठेवला.

मंद्रूपच्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले, त्यांतली शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. पोहायला मात्र शिकवले ते आमच्या या विहिरीत. माझी दोन मुले, दिरांची चार, भाचरे, शेजारपाजारची, अशी चाळीसेक पोरे या पाण्यात माझ्या हाताखालून गेली. पद्धत ठरलेली होती. वाळवलेला भोपळा पाठीला बांधायचा, पोटाखाली तळवा द्यायचा, पाय नीट पाणी मारू लागले की तळवा काढायचा, आणि आठवड्याने भोपळा सोडायचा. अपवाद झाला तो एकच, माझ्या धाकट्या लेकीचा, ऋतुजाचा. पाचव्या वर्षी तिला पाण्यात सोडले, तर ती आपली पाण्यावर पडून राहिली. भोपळा नको, हात नको. वजनाने ती त्या वयाच्या दोन पोरांएवढी होती. बाकीची पोरे दमली की तिच्याच दंडाला धरून विसावा घेत आणि ओरडत, “ह्योच आपला भोपळा!” मीही हसत असे. तेराव्या वर्षी तिने विहिरीवर येणे बंद केले. कारण विचारण्याची मला गरज वाटली नाही.

आज ती एकोणचाळीस वर्षांची आहे. सोलापुरात टपाल कार्यालयाच्या खिडकीवर बसते आणि विजापूर रोडला खोली घेऊन एकटी राहते. चौदा महिन्यांपूर्वी तिने पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मी नको म्हणाले होते. धडधाकट पोटाला कात्री लावायची, ही गोष्ट माझ्या बुद्धीला पटत नव्हती. आणि मी नको म्हटलेले आमच्या घरात कोणी करीत नसे. तिने केले. संमतीच्या कागदावर स्वतःच सही केली आणि सोबतीला ऑफिसातल्या चन्नम्माला नेले. मी रुग्णालयात गेले नाही.

एकशे एकोणीस किलोंवरून ती अडुसष्टांवर आली. त्या काळात दर रविवारी तिचा फोन येऊ लागला आणि प्रत्येक फोनची सुरुवात एकच असे, “आई, आज काय केलं सांगू?” आज चन्नम्माच्या स्कूटीवर मागे बसून होटगीपर्यंत गेले. आज पंगतीत जेवले. चारच घास, पण खाली मांडी घालून. जानेवारीत गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, ती आकाशपाळण्यात बसली. “पाळणेवाल्यानं पुढची दांडी लावली, ती पयल्या झटक्यात लागली, आई!” हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. मला मात्र दुसरेच दिसत होते. दांडी निसटली असती तर? स्कूटी घसरली तर? चार घासांवर माणूस किती दिवस उभा राहील? हे सगळे मी बोलून दाखवी. ती तिकडे हसे आणि पुढच्या रविवारी नवीन काहीतरी काढी. फोनची वेळ जवळ आली की मी उगाच ज्वारी निवडायला बसत असे. निवडलेलीच ज्वारी पुन्हा सुपात घेत असे.

या रविवारी फोन आला नाही. ती स्वतःच सकाळच्या एसटीने आली आणि पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आत म्हणाली, “आई, मला हिरीत उडी मारायचीया.”

तिच्या सगळ्या नव्या उद्योगांत या एकालाच मी तात्काळ होकार दिला. स्कूटी आणि आकाशपाळणे यांतले मला काही कळत नव्हते. विहीर मला कळत होती, आणि विहिरीतली ऋतुजाही.

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कपडे बदलून ती बाहेर आली. लांब बाह्यांचा शर्ट आणि जुनी सलवार. शर्टाच्या गळ्यातून तिची हाडे दिसत होती. ती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. 

“सकाळी काय खाल्लंस?”

“चतकोर भाकरी आन् वाटीभर आमटी.”

“चतकोर? एवढ्यावर उडी मारणार?”

“उडीला भाकरी कशाला लागतीया? ती आपोआप खालीच जातीया की.”

भावजी खो खो हसले. “पाणी दोन पुरुष हाय, पोरी. जरा दमानं.”

ऋतुजा कडेवर जाऊन उभी राहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “लांब सरा रं समदी. भोपळा आला, हीर उतू जातीया!”

तिने ते हुबेहूब पोरांच्या सुरात म्हटले. सव्वीस वर्षांपूर्वीचा तो सूर तिने इतका नीट जपून ठेवला असेल, हे मला ठाऊक नव्हते. मी काही बोलणार, तोवर तिने उडी मारली.

आवाज लहान झाला. तेवढ्यानेच माझ्या ध्यानात यायला हवे होते. ती पडली की विहिरीच्या चारही भिंतींवर पाणी चढत असे. आज नुसता ‘डुब्’ असा आवाज झाला आणि पाणी मिटले. ती जिथून वर यायची, तिथे मी पाहत राहिले. ती आली नाही. मग पलीकडे, मोटारीच्या पाइपापासून हातभर अंतरावर, केस वर आले, कपाळ आले, तोंड आले न आले तोच ती पुन्हा खाली गेली. हात तेवढे वर राहिले. ते पाणी कापत नव्हते, पाण्यावर नुसते आपटत होते.

“पाय मार!” मी ओरडले. माझ्या एका हाकेने प्रार्थनेच्या मैदानातली तीनशे पोरे गप्प होत असत. ती मात्र तशीच हात आपटत राहिली. आणि त्याच क्षणी मला उमगले की तिला पाय मारता येतच नाहीत. तिला पोहता कधी येतच नव्हते. ती फक्त तरंगत होती, आणि ज्याने तरंगवले ते अंग आता उरले नव्हते.

भावजी पायऱ्यांवरून कधी धावत गेले, ते मी पाहिले नाही. मेंढरांमागे नेतात ती लांब काठी त्यांनी पुढे केली. पहिल्यांदा तिच्या हाताला ती लागली नाही. दुसऱ्यांदा लागली.

ती खालच्या पायरीवर बसून बराच वेळ खोकत होती. मी खाली पोहोचले, तेव्हा तिने वर पाहिले. ओठ पांढरे पडले होते आणि डोळ्यांत पाणी होते.

“आई,” ती म्हणाली, “मी बुडले की!”

“बुडंल न्हाय तर काय,” भावजी धापा टाकत म्हणाले. “आता माणसात आलीस बग. माणूस बुडतंयच.”

ती हसायला गेली आणि पुन्हा खोकली.

“चल वर,” मी म्हणाले. “घरी चल. पुरे झाली ही थेरं.”

“न्हाय.”

“ऋतुजा!”

“समद्यास्नी शिकवलंस तू,” ती म्हणाली. “मला कुटं शिकवलंस? मला नुसतं सोडून दिलंस.”

त्यात तक्रार नव्हती. अर्जातला एखादा रकाना भरायचा राहिला, हे खिडकीतून जसे सांगतात, तसे तिने ते सांगितले. मी पाण्याकडे पाहिले. दोन पुरुष खोल, हिरवे, थंड. तिला हाताला धरून वर न्यावे आणि पुन्हा या विहिरीवर येऊच देऊ नये, असे मनात आले. माझे ऐकायला तिला भाग पाडता येईल, असे मला क्षणभर वाटलेही.

“भावजी, कॅन आणा.”

“वैनी, तुमी नका उतरू. मी दावतो की तिला.”

“तुमी वर उबं ऱ्हावा.”

मी लुगड्याचा ओचा खोचला आणि पाण्यातल्या पायरीवर उतरले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाणी फार थंड लागते. ते कमरेपर्यंत आले. कॅन मी स्वतः बांधला. पहिली गाठ चुकली, ती सोडून पुन्हा मारली.

“पालथी हो.”

ती पालथी झाली आणि मी तिच्या पोटाखाली तळवा दिला. चाळीस पोरांची पोटे या हाताला माहीत होती. तिचे नव्हते. ओल्या शर्टाखाली बोटांना एक बारीक, निबर रेघ लागली. मग दुसरी. पुढच्या मी शोधल्या नाहीत.

“दुखतं का गं?”



“आता न्हाय. पयले आठ दिवस लई दुखायचं. चन्नम्मा हाताला धरून चालवायची.”

ते आठ दिवस मी मंद्रूपातच होते. एसटीने पाऊण तास लागतो.

“पाय मार,” मी म्हणाले. “गुडघ्यातनं न्हाय, मांडीतनं.”

“मदीच हात काढशील का गं?”

“मी सांगितल्याबिगर हात निघायचा न्हाय. मार.”

ती पाय मारू लागली. पाणी माझ्या तोंडावर उडाले, पदरावर उडाले. वरून भावजी मोजू लागले, एक, दोन, तीन. तिचा सगळा भार माझ्या एका तळव्यावर मावत होता.  पायरीवरचा गाळ उसळून पाणी गढूळ झाले. मी हात तसाच ठेवला.