शेजारची लेन

जळगावच्या त्या कॉलेजात मुलींची पोहण्याची बॅच बंद करावी की चालू ठेवावी, हे ठरवायला प्राचार्यांनी मीटिंग बोलावली, तेव्हा बंद करण्यासारखं त्या बॅचमध्ये काही उरलंच नव्हतं. पालक येऊन आपापल्या मुली घरी घेऊन गेले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेली सारिका जर नदीत बुडते, तर आमच्या पोरी शिकून काय दिवे लावणार?

"प्रेमराज सर, तुमचं मत काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"बंद करा," सर म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मंडळी, हा माणूस असं म्हणेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने त्या तलावाच्या काठावर उभं राहून घालवली होती. मुलींची बॅच काढली तेव्हा लोकांनी बोलायचं काही बाकी ठेवलं नाही. पोरी काळ्या पडतील, मग लग्नं कोण करील, इथपासून सुरुवात होती. सर घरोघरी गेले, चहा प्यायले, टोमणे गिळले आणि पोरी पाण्यात उतरवल्या. त्यातच त्यांना सारिका सापडली. निंबा आबांची ही थोरली मुलगी पाण्यात उतरली की बाकीचे आपलं पोहणं थांबवून तिच्याकडे बघायचे.

सरांच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच आणि तोंडात एकच वाक्य. "शेजारच्या लेनमध्ये बघायचं नाही. आपण आपलं पुढे बघायचं."

एका स्पर्धेत शेजारच्या मुलीच्या पायात गोळा आला. ती धडपडू लागली तशी सारिका थांबली आणि तिला धरून कठड्यापर्यंत घेऊन आली. पदक गेलं. सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तीच येऊन म्हणाली, "चुकलं सर, पुन्हा नाही बघणार." सरांनी माफ केलं. आता त्या माफीची त्यांना लाज वाटत होती.

सारिका लग्न होऊन धुळे जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका गावी गेली. यंदाच्या श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायच्या आधी घराघरातलं अंथरूण-पांघरूण धुवायला गल्लीतल्या बाया नदीवर गेल्या. नदी सगळ्यांच्या पायाखालची, पण ती बंधाऱ्याच्या आधीची नदी. आता पाणी तुंबून खोल झालेलं. सारिकाची सासू मंजुळाबाई गोधडी पिळता पिळता घसरली आणि भिजलेल्या गोधडीने तिला आत ओढलं. तिला धरायला शेजारची बेबाबाई उतरली, तीही आत ओढली गेली. दोघींना पोहता येत नव्हतं. सारिका अंगावरच्या साडीनिशी धावली. सासूला तिने काठाला लावलं आणि बेबाबाईसाठी परत फिरली. बेबाबाईने जिवाच्या आकांताने तिच्या गळ्याला मिठी मारली, ती सुटलीच नाही. दोघी बुडाल्या, प्रेतं तशीच वर आली.

दशक्रियेला सर गेले होते. निंबा आबा त्यांच्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "सर, तिले पवता येत नसतं ना, तं ती काठवर उभी राहती. रडती, वरडती, पन जित्ती राहती."

मीटिंगमध्येही तेच वाक्य त्यांच्या कानात होतं.

मीटिंगमधून ते जिमखान्यात आले तर बाकावर एक म्हातारी बसलेली. लुगड्याच्या पदराने ती कपाटातल्या सारिकाच्या फोटोची काच पुसून आली होती.

"भाऊ, मी सारिकानी सासू."

सर उभेच राहिले. "अक्का, माझ्याकडे कशाला आलात? मीच तिला शिकवलं."

"म्हनीसन तं उनू," मंजुळाबाई म्हणाली. "तिले पवता येत व्हतं, म्हनीसन मी तुमनासमोर बशेल शे. लोके सांगतस, पवानं शिकनी म्हनीसन बुडनी. खोटं शे भाऊ. आम्हले काहीच येत नव्हतं, म्हनीसन ती बुडनी."

सर खाली बसले. इतके दिवस आतल्या आत दाबलेलं त्यांनी त्या म्हातारीपुढे बोलून टाकलं. "बुडणाऱ्याच्या जवळ रिकाम्या हाताने जायचं नसतं, अक्का. तो मिठी मारतो. आधी काठावरूनच काहीतरी फेकायचं असतं, दोर, काठी, कापड, जे हाताला लागेल ते. हे मला येत होतं. तिला कधी शिकवलं नाही. त्याला पदक नसतं ना."

म्हातारी म्हणाली, "त्या दिन काठवर लुगडाच लुगडा वाळत व्हतात. आम्ही बठ्ठ्या नुसत्या वरडन्यात. एक लुगडं फेकानं कोनले सुचनं नही."

पोहण्याच्या गुरूपासून नदीकाठच्या बायांपर्यंत सगळ्यांच्या हाताशी उपाय होता आणि पोर गेली!

"आते रडीसन काय व्हई?" मंजुळाबाईने डोळे पुसले. "गावले चला. पवानं या वयमा जमाव नही, पन फेकानं जमी. आनि पोरीस्नं शिकानं बंद करू नका. नही तं ती फुकट गई."

बैल गेला नि झोपा केला, असं म्हणणारे गावात होतेच. पण मंडळी, गोठ्यात अजून बैल आहेत, हे म्हातारीला कळलेलं होतं.

पुढच्या रविवारी सर तापीच्या पाण्यात उतरले, कपड्यांसकट. सरावासाठी बुडणारा माणूस तेच झाले. काठावर बाया उभ्या होत्या. निंबा आबाही जळगावहून आले होते, पण लांब लिंबाखाली बसले होते. सरांनी हातपाय मारल्याबरोबर सुनिता नावाची एक सून धावत पाण्यात शिरली. मंजुळाबाईने तिला दंडाला धरून मागे खेचलं. "पाय आठेच, काठवर ठेव. लुगडं फेक."

लुगड्याच्या टोकाला गाठ मारून, गाठ भिजवून ते फेकायचं होतं. सुनिताचं अलीकडेच पडलं. दुसरीचं वाऱ्याने भलतीकडे गेलं. मग मंजुळाबाईने स्वतः फेकलं आणि सरांनी ते पकडलं.

"बसा अक्का, बसून ओढा," सर पाण्यातून म्हणाले.

म्हातारी बसली, ओढू लागली. तिची ताकद पुरेना, तसे निंबा आबा लिंबाखालून उठले आणि मागून लुगड्याला हात घालून ओढू लागले. सर काठाला आले, बाहेर आले, तरी मंजुळाबाईने लुगडं सोडलं नाही. ते छातीशी धरून ती बसून राहिली.

"त्या दिन इतलंच लागत व्हतं, भाऊ."

निंबा आबांनी पाण्याकडे पाठ केली. मग ते सरांना म्हणाले, "धाकली शे मन्ही, ममता. तिले सोमवारपासून धाडू का?"

आपण सगळेच आपल्या मुलांना पुढे जायला शिकवतो. वर्गात पुढे, परीक्षेत पुढे, शर्यतीत पुढे. शेजारचा बुडत असेल तर त्याला कसं काढायचं, हे कुठे शिकवत नाही, कारण त्याचे मार्क नसतात. मग एखादी सारिका न शिकवताच मागे फिरते, आणि आपण तिच्या चांगुलपणाचे पोवाडे गातो. तिला एकटीला पाण्यात सोडणारे आपणच असतो. ज्याला येतं त्याने शिकवावं, ज्याला येत नाही त्याने निदान लुगडं फेकायला शिकावं. जीव वाचवणं एकट्यादुकट्याचं काम नाही.

सरांनी प्राचार्यांपुढे आपला शब्द मागे घेतला आणि कॉलेजात मुलींची बॅच पुन्हा सुरू झाली. मुली थोड्याच आहेत. सरांच्या गळ्यात आता स्टॉपवॉच नसतं. नव्या मुली काठावर रांगेत उभ्या राहिल्या की ते रांगेतल्या ममताकडे बघणं टाळतात आणि मग म्हणतात,

"पाण्यात उतरायच्या आधी शेजारी कोण आहे ते बघा."