काळ्यात गेलेली चिंधी

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याने झाकण उघडलं, दोन-चार बटणं दाबली आणि पेशंट हाताबाहेर गेल्यावर डॉक्टर काढतात तसा एक सुस्कारा सोडला. कुलूप तोडता येईल, म्हणाला, पण आतलं सगळं पुसलं जाईल. त्यावर रंगाऱ्याने त्याला सुनावलं, की पुसायचंच असतं तर हातोडी घरी होती, इथवर तंगडतोड कशाला केली असती. लॅपटॉप काखोटीला मारून तो परत फिरला.

घराच्या मागच्या अंगाला त्याचा सूत रंगवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तीन कढया, वाळत घालायच्या दोऱ्या आणि खिडकीपाशी एक टेबल. त्या लॅपटॉपमध्ये चारशे बारा रंगांची प्रमाणं होती. त्यातला एक लाल आता अडला होता. जुन्या नाट्यगृहाचा पडदा रंगाऱ्याच्या वडिलांनी रंगवला होता, आणि नाट्यगृहाच्या मालकीणबाईंना नवा पडदा हुबेहूब तसाच हवा होता, तोही पहिल्या दिवशी होता तसा. जुना पडदा उन्हाने इतका विटला होता, की त्यावरून मिळता तो फक्त विटका लाल.

पासवर्ड विसरला, असं रंगारी चारचौघांत सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. वडिलांच्या काळी प्रमाणांच्या वहीची पेटी दोन किल्ल्यांनी उघडायची, एक त्याच्याकडे, एक धाकट्या बहिणीकडे. वही लॅपटॉपमध्ये गेली तेव्हा दोघांनी तीच रीत पुढे चालवली. पासवर्डचा पहिला अर्धा तिने टाकायचा, दुसरा याने. एक टाकत असला की दुसऱ्याने खिडकीबाहेर बघायचं.

ती बहीण पन्नाशी ओलांडून गेली तरी घरात छोटीच होती. कामंही वाटलेली होती. तो रंग चढवायचा, ती उतरवायची. बिघडलेल्या लडीचा रंग सुताला धक्का न लावता उतरवणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे, आणि छोटीचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा तो लाल जशाच्या तसा दुसऱ्या एका कारखान्याच्या मालात दिसला. रंगाऱ्याचं डोकं फिरलं. माझा अर्धा तू चोरून बघितलास, एकटीने लॅपटॉप उघडलास आणि प्रमाण बाहेर दिलंस, असं तो तिला तोंडावर म्हणाला. मी कधीच बघितलं नाही, एवढं एकदाच सांगून छोटीने एप्रन खुंटीला अडकवला आणि गेली. त्या दिवसापासून लॅपटॉप बंद होता. डोक्यात होते तेवढ्या पाच-पन्नास रंगांवर त्याने सहा वर्षं रेटली.

आपला अर्धा आपण विसरणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणून त्याने तो न पुसणाऱ्या शाईने कापडाच्या चिंधीवर लिहून एका लडीला बांधला आणि लडी खिळ्याला टांगली. कारखान्यातली प्रत्येक खूण अशीच चिंधीवर असे. मग एका पावसाळ्यात साफसफाईची हुक्की आली. बिघडलेल्या सगळ्या लड्या शेवटी काळ्या रंगात बुडवायच्या, हा तिथला शिरस्ता. त्यात ही लडीही गेली, चिंधीसकट. चिंधी हाती आली ती डांबरासारखी काळी. शाई खाली शाबूत असणार हे त्याला कळत होतं. तसाच एक दुसरा तुकडा त्याने उतरवून पाहिला, तर हातात नुसता लगदा आला. मग त्याने या चिंधीला हात लावला नाही.

राहता राहिली एकच आशा, आणि ती त्याला स्वतःलाच लाजिरवाणी वाटत होती. छोटीने खरंच चोरून बघितलेलं असलं, तर लॅपटॉप उघडणार होता. सहा वर्षं जिला खोटं ठरवलं, ती आता खरोखर खोटी निघावी म्हणून हा गृहस्थ देव पाण्यात घालून बसला. त्याने फोन केला. नाट्यगृहाचं काम आहे, वडिलांचा लाल आहे, एवढंच बोलला. वडिलांचं नाव निघालं म्हणून ती आली.

ती आली, पाणी प्यायली, एप्रन अजून खुंटीवर आहे हे बघून न बघितल्यासारखं केलं. टेबलापाशी बसून तिने आपला अर्धा टाकला. तेवढा वेळ रंगाऱ्याने खिडकीबाहेर बघितलं, मग तिच्या बोटांकडे बघत राहिला, ती पुढे टाकते का म्हणून. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, पूर्वी रोज राहायची तशी.

"झालं का?" तिने विचारलं.

तिने सहा वर्षांपूर्वी सांगितलं ते खरं होतं, आणि ते आता त्याला तिच्या पाठीत उघड दिसत होतं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"मग मला कशाला बोलावलंस?"

"वाटलं, तुला माहीत असेल."

ती वळली. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, की चिंधी कुठे आहे. तू काही चिंधीवर न लिहिता राहणार नाहीस, म्हणाली. त्याने ती काळी चिंधी पुढे केली.

छोटीने एप्रन चढवला. पाणी किती तापवायचं हे तिने मनगट वाफेवर धरून ठरवलं, पूड चिमटीने मोजली, आणि चिंधी चिमट्यात धरून बुडवली. काळा आधी तपकिरी झाला, मग राखाडी. शाईची पहिली रेघ दिसायला लागली तशी तिने चिंधी उलटी केली, गार पाण्यातून काढली आणि पालथीच त्याच्या तळहातावर ठेवली. मग खिडकीकडे गेली.

लॅपटॉप उघडला. चारशे बारा रंग जागच्या जागी होते, लालसुद्धा. तिने प्रमाण कागदावर उतरवून त्याच्यासमोर ठेवलं.

तेव्हा तो बोलला. रंग ओळखणारं मशीन विकायला एक माणूस आला होता. नखाएवढा धागा आत ठेवला की मशीनच्या काचेवर प्रमाण हजर. त्या दुसऱ्या कारखान्यात ते आधीपासूनच होतं. लाल कसा गेला ते त्याच दिवशी त्याला कळलं होतं. "मी चुकलो, छोटे," तो म्हणाला.

"कधी आला होता तो माणूस?"

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं," ती म्हणाली. आरोपाला सहा वर्षं झाली होती, ती तिने कधीच पचवली होती. ही तीन तिच्या पचनी पडेनात, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

तिने एप्रन काढला. एक कोरी चिंधी घेतली, न पुसणाऱ्या शाईने तिच्यावर काहीतरी लिहिलं, फुंकर मारून वाळवलं आणि घडी करून टेबलावर ठेवली.

"हा माझा अर्धा," ती म्हणाली. "आता मला बोलवायला नको."

रंगाऱ्याने घडी उचलली. उघडली नाही. चार पावलं चालून तो काळ्या रंगाच्या कढईपाशी गेला, चिंधी आत टाकली आणि काठीने तळाशी दाबून धरली.

"उतरवायला यावं लागेल तुला," तो म्हणाला.

छोटी कढईत बघत उभी राहिली. कढई गार होती. काठीच्या बाजूने वर आलेली चिंधीची एक कड अजून पांढरी दिसत होती.

"गार पाण्यात धड चढणारसुद्धा नाही काळा," ती म्हणाली, आणि खाली वाकून तिने कढईखालची शेगडी पेटवली.