चौदाव्या पानावरचं मडकं

राजस्थानातल्या उत्खननावर दोन हंगाम मी रणरणत्या उन्हात बसून खापरांची चित्रं काढली. तीनशे बारा चित्रं! चौऱ्याऐंशी साली उत्खननप्रमुख सरांचं पुस्तक वाशीच्या घरी पोस्टानं आलं. आत छापलं होतं, ‘सर्व रेखाटने: लेखक.’ आणि या माणसाला मी दहा वर्षं गुरू म्हणत होते.

चौदाव्या पानावर मी थबकले. चार हजार वर्षांपूर्वीचं म्हणून छापलेलं मडकं वाशीजवळच्या शिरवणे गावातल्या धोंडूबाईंचं होतं. त्या आमच्याकडे मासळी घेऊन येत. घडण वाळवंटातल्या मडक्यांसारखी वाटली, म्हणून तुलनेसाठी मी ते काढलं होतं. कागदाच्या कोपऱ्यात तशी नोंदही केली होती. महाशयांनी कोपरा कापून चित्र ढापलं.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत धोंडूबाईंना ते पान दाखवलं. त्यांनी काठावरच्या टवक्यावर बोट ठेवलं.

“ह्यो तं माजाच मडका हाय. टवका सुनेनं पारला.”

“बघा ना! आणि माझं नाव नाही कुठे.”

“आनि माजा नाव?” त्यांनी विचारलं.

त्या कापलेल्या कोपऱ्यात मी फक्त ‘शिरवणे, कालवणाचं मडकं’ एवढंच लिहिलं होतं.