दार उघडं ठेवून

"निखारा घरात घेतलास की आधी दार उघडं टाकायचं. बाळाची धुरी आटपेपर्यंत लावायचं नाही," शेजारच्या शांतीकाकूंनी सांगितलं होतं. अपेक्षाच्या लेकीचं, मनवाचं बारसं नुकतंच उरकलं होतं आणि दोघी गॅलरीत घुगऱ्यांची पातेली घासत बसल्या होत्या. अपेक्षाने हसून त्यांना मध्येच तोडलं. "काकू, आपल्या चाळीत दार लागतं कधी? तुमची मांजर आमच्याकडे जेवते आणि तुमच्याकडे झोपते." काकूही हसल्या. त्यांच्या माहेरच्या कुठल्याशा बाळाचं काहीतरी सांगायचं होतं त्यांना. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि ते राहूनच गेलं.

एरवी अपेक्षा अशी कानाआड करणारी नव्हती. उलट भोईवाड्यात तिची ख्यातीच होती की ही पोरीला शिंक आली तरी डॉक्टरांच्या पायऱ्या चढते. म्हणून नवऱ्याने, हितेंद्रने, कॅम्पर भाड्याने घेतल्याचं सांगितलं तेव्हा तिने आधी नकोच म्हटलं.

"अख्खी खोली चाकांवर, अपे. गॅस आहे, बेड आहे, बेसिन आहे. एक रात्र आंबोलीच्या जंगलात, दुसऱ्या दिवशी खाली वेंगुर्ल्याला समुद्रावर. मनवाला गावच्या देवीच्या पायावर घालायचं आणि परत."

"आणि संडास?" सासूने, रखमाने, विचारलं.

"आतच आहे, आई."

"जल्म गेलो चाळीत लायनीत उभी ऱ्हवान," रखमा म्हणाली, "आणि आता गाडयेत संडास. कोणाक सांगू नको, हसतली लोका."

ऑगस्टचा महिना. दरड कोसळेल, घाटात ब्रेक लागणार नाहीत, जंगलात बिबट्या असेल, पोरीला जळू चिकटेल. अपेक्षाने भिऊन घ्यायचं ते सगळं भिऊन घेतलं होतं. गाडी आंबोलीच्या झाडीत जाऊन थांबली तेव्हा यातलं काहीच झालं नव्हतं. दुपारच चालली होती, पण धुकं असं उतरलं होतं की समोरचं झाड दिसत नव्हतं, नुसतं त्याच्यावरून गळणारं पाणी ऐकू येत होतं. छताच्या झरोक्यातून थेंब मनवाच्या अंथरुणावर पडायला लागले. हितेंद्रने त्यावर आतून चिकटपट्टी मारली. खिडक्या अपेक्षाने स्वतः लावल्या, एकेक खिटी ओढून पाहिली. दार हितेंद्रने जाताना बाहेरून ढकललं. "नाक्यावर चहा बघतो. इथे रेंजसुद्धा नाही रे देवा," असं पुटपुटत तो धुक्यात दिसेनासा झाला.

रखमाने पिशवीतून मातीचं धुपाटणं काढलं. करवंट्यांचा कोळसा तिने मुंबईहूनच बांधून आणला होता. गॅसवर तो लाल केला, वर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकली. चाळीत रोज तिन्हीसांजेला हेच व्हायचं.

"आई, इथे नको. गाडी लोकांची आहे."

"गो, थंडी बघ केवढी. चेडवाक बाधात. आणि धुरी घेतल्याबिगर ती झोपता काय?"

ते खरंच होतं. धुरीवर धरल्याशिवाय मनवा झोपायची नाही. अपेक्षाने दाराकडे पाहिलं. उघडलं तर पाऊस आत, वारा आत. धुराने डोळे चुरचुरले तेवढे चुरचुरले. मग धूर बसला, नुसते निखारे उरले, आणि गाडीत छान ऊब आली. धुपाटणं रखमाने बेसिनखाली सरकवून ठेवलं. निखाऱ्यावर पाणी ओतू नये, आपोआप विझू द्यावा, ही तिच्या सासूची शिकवण.

मनवा झोपली. रखमाही कलंडली. "डोक्या भणभणता. घाट लागलो वाटता," ती म्हणाली.

अपेक्षाचंही डोकं जड झालं होतं. तिलाही वाटलं, घाटच. बरं वाटत होतं एका अर्थी. किती दिवसांनी पोर अशी कुरकुर न करता झोपली होती. गाल कसे गुलाबी झाले होते. जरा आपणही पडावं म्हणून तिने पाय पसरले आणि सवयीने मनवाच्या तळपायावरून बोट फिरवलं.

मनवा झोपेत हटकून बोटं मुडपायची. जन्मल्यापासूनची सवय. अपेक्षा दिवसातून कितीदा तरी हे करून बघायची, हितेंद्र तिला चिडवायचा, "पोरगी आहे की डोअरबेल?"

बोटं हलली नाहीत.

तिने पुन्हा फिरवलं. मग जरा नख लावलं. पाऊल तसंच, मऊ, कोमट. "मनवा," तिने हाक मारली, आणि स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. ती उठली तर गुडघ्यांत जीव नव्हता. बेसिनखाली निखारे अजून लालच होते. ते पाहताना शांतीकाकूंचं बोलणं तिला आठवलं, आणि मग अंगातली सगळी ऊब एकदम गेली.

दाराला कडी नव्हती. काळा चपटा खटका होता, तो वर करायचा की बाजूला, हे तिला काही केल्या उमजेना. जन्मभर कडीच पाहिलेली, तीही लोंबकळतच. एका हातात पोर, दुसऱ्या हाताने ती खटका ओरबाडत राहिली. शेवटी खांदा आपटला तेव्हा दार सरकलं आणि ती मनवाला छातीशी धरून चिखलात गुडघ्यांवर पडली.

पाऊस मनवाच्या तोंडावर पडत होता. पोर गप्प होती.

"काय झालं? अपे?" धुक्यातून हितेंद्र धावत आला, हातातली चहाची पिशवी फुटून सांडली.

"आई आत आहेत," ती म्हणाली. "आधी त्यांना काढ."

त्याने रखमाला काखेत धरून ओढून आणलं. ती ओकली, मग कण्हली. अपेक्षाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती तळपायावरून बोट फिरवत होती, पुन्हा, पुन्हा. किती वेळाने कोण जाणे, करंगळी जराशी आत वळली. मग बाकीची. मग मनवाने तोंड वाकडं केलं आणि बारीक, घोगरं रडली.

सावंतवाडीच्या दवाखान्यात मनवाला आणि रखमाला ऑक्सिजन लावला. "बंद जागेत निखाऱ्यांतून विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो," डॉक्टर म्हणाले. "थोडा उशीर झाला असता तर..." शेजारच्या खाटेवर रखमा मास्क बाजूला करून म्हणत होती, "चार पोरा वाढवलंय गो मी हेच करून." हितेंद्रने तिचा हात धरून ठेवला होता. "चाळीत, आई," तो म्हणाला. "दार उघडं टाकून."

मनवा आता बरी आहे. समुद्र बघायचा राहिला तो राहिलाच. पण अपेक्षाची भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. वरळीच्या बीडीडी चाळीतली तिची मैत्रीण कीर्ती एका टॉवरमध्ये राहायला गेली, तिथेच बाळंत झाली. बंद दार, बंद काचा, एसी, आणि आईने प्रेमाने दिलेलं धुपाटणं. अपेक्षाने तिला फोन केला, ती उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा केला. ओळखीतल्या सगळ्या घरांना तिने असे फोन केलेत. लोक हसतात, हसू देत.

ओळखीबाहेरची घरं मात्र तुमच्या शेजारी आहेत. म्हणून तिचं एवढं मागणं आहे. तुमच्या मजल्यावर कुणी बाळंतीण असेल, आणि बंद दाराआडून ओव्याचा वास येत असेल, तर उद्यावर टाकू नका. बेल वाजवा. "बाळ छान झोपलंय," असं घरातले म्हणतील. म्हणू देत. आधी दार सताड उघडं करा, मग आत जाऊन त्याच्या तळपायावरून एकदा बोट फिरवून बघा.