थ्रॉसल खात्यातलं गाणं

"मावशी, सांगा ना, काय म्हणतेय ती?" धाकटीच्या मुलानं तिसऱ्यांदा विचारलं.

इस्पितळातल्या खाटेवर उशीला टेकून बसलेल्या धाकटीच्या गळ्याभोवती पांढरी पट्टी होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला होता. आता दुखणं पुन्हा वर आलं होतं. दुसरं ऑपरेशन करायचं, तर पहिल्यापेक्षा मोठं, आणि त्यानंतर किती महिने नळीवर काढावे लागतील ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नव्हतं. "पेशंटला विचारा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. विचारायचं ठीक, पण उत्तर समजायचं कसं? धाकटीला लिहिता येत होतं ते सहीपुरतं. ती ओठ हलवी आणि मुलगा, सून नुसते बघत राहत. म्हणून थोरलीला बोलावणं गेलं होतं.

थोरलीला ते ओठ लख्ख दिसत होते. धाकटी म्हणत होती, "पुरे झालं. घरी ने म्हणावं. खिडकीत बसव मला."

थोरलीनं मान वळवली, भिंतीकडे तोंड केलं आणि मुलाला म्हणाली, "करा म्हणते. ऑपरेशन करा."

मुलानं सुस्कारा सोडला. थोरलीनं वळून पाहिलं, तर धाकटीनं डोळे मिटून घेतले होते.

या दोघी काही सख्ख्या बहिणी नव्हत्या. गिरणीत एका साच्यावर, म्हणजे यंत्रावर, समोरासमोर उभ्या राहायच्या, एकीला कामावर लागून वर्ष झालं होतं आणि दुसरी नवी आली होती, एवढ्यावर कुणीतरी थोरली-धाकटी म्हणून गेलं आणि तेच चिकटलं. खात्याचं नाव थ्रॉसल. सूतकताईचं खातं. का थ्रॉसल, ते मुकादमालाही माहीत नव्हतं. त्या नावाची जुनी यंत्रं म्हणे कुणाच्या आजोबांच्या काळातच भंगारात गेली होती. त्यांच्या जागी नवी आली, पण नाव काही दारावरून उतरलं नाही. बायकांनाही सगळे तेच म्हणत. भोंगा वाजला की फाटकावरचा पहारेकरी ओरडे, "चला, थ्रॉसल आल्या!"

त्या खात्यात आवाज असा, की शेजारी उभ्या बाईच्या कानात बोंबललं तरी तिला कळायचं नाही. म्हणून तिथं कुणी बोलतच नसे. ओठ हलवायचे, समोरचीनं बघायचं. सासूच्या तक्रारी, पोरांची दुखणी, मुकादमाची नक्कल, सगळं ओठांवर. हात बॉबिनींवर, तुटलेला धागा सांधताहेत, आणि डोळे समोरच्या तोंडावर. एकच शिस्त होती: तोंड फिरवून बोलायचं नाही. कुणी तोंड फिरवून बोललं, तर ते आपल्याबद्दल आहे आणि आपल्याला कळू द्यायचं नाही, एवढं नवीतली नवी मुलगीसुद्धा ओळखे. आणि एखादीचं ऐकायचंच नसेल, तर डोळे मिटून घ्यायचे. तेवढं पुरे. गिरणीनं दोघींचे कान हळूहळू खाल्ले, गिरणी बंद पडली, तरी ही शिस्त काही सुटली नव्हती.

थोरलीच्या घरात तिच्याशी नीट बोलणारं कुणी उरलं नव्हतं. जावई भला माणूस, पण खाली मान घालून बोलायचा. लेक कामातून वळून न बघता काहीबाही विचारायची आणि मग, "जाऊ दे आई, काही नाही," म्हणायची. हे 'काही नाही' मात्र थोरलीला बरोबर दिसे. आठवड्यातून एकदा ती धाकटीकडे जाई आणि मग दुपारभर दोघी चिवचिवाट करत, अगदी मुकाट्यानं. धाकटीचा आवाज गेला म्हणून सगळे हळहळले. थोरलीच्या दृष्टीनं काहीच गेलं नव्हतं. तिनं तो आवाज नीट असा कधी ऐकलाच कुठं होता!

म्हणून ती खोटं बोलली. धाकटी गेल्यावर बोलायचं कुणाशी?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली तेव्हा धाकटी जागी होती. थोरली दिसताच तिनं डोळे मिटले. थोरली स्टुलावर बसून राहिली. पाणी दिलं, तर धाकटीनं डोळे न उघडता घेतलं.

"अगं, बघ तरी," थोरली म्हणाली. तिचा आवाज बहुधा मोठा निघाला असावा, कारण पलीकडच्या खाटेवरची बाई दचकली. धाकटी ढिम्म.

तेवढ्यात धाकटीची नात आली. कॉलेजात इंग्रजी शिकणारी, उंच, काटकुळी मुलगी. आजीचा दंड हलवून तिनं तिला डोळे उघडायला लावले आणि दोघींना दिसेल अशी पायथ्याशी उभी राहिली. या मुलीला तेवढं वळण होतं.

"आजी, तुमच्या खात्याच्या नावाचा अर्थ सापडला," ती सावकाश म्हणाली. "थ्रॉसल म्हणजे पक्षी. गाणारा पक्षी. इंग्रजीत शेकडो वर्षं त्याला तेच म्हणायचे."

दोघींनी एकदमच कपाळाला आठ्या घातल्या.

"मग सूत कातायचं यंत्र निघालं. ते चालताना पक्षी गातोय असं वाटायचं म्हणे, म्हणून यंत्राचं नाव थ्रॉसल."

धाकटीचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. तिचे ओठ हलले आणि नातीनं सवयीनं थोरलीकडे पाहिलं.

"म्हणते," थोरली म्हणाली, "ज्यानं हे नाव ठेवलं, तो मेला दाराबाहेरच उभा असणार. आत आला असता तर ह्याला गाणं म्हणाला नसता."

मुलगीही हसली. धाकटीनं पुन्हा काही विचारलं.

"पक्ष्याला आता काय म्हणतात, विचारतेय."

"दुसरंच नाव आहे आता. हा शब्द बोलण्यात कुणी वापरत नाही. जुन्या कवितांत सापडतो फक्त."

धाकटी विचारात पडली. मग तिनं एकेक बोट दुमडत काही सांगितलं. थोरली ते सांगताना अडखळली. "म्हणते, पक्ष्याचं नाव यंत्राला गेलं. यंत्र भंगारात गेलं, तर नाव आम्हाला चिकटलं. आता आम्हीही चाललो. मग नाव कुठं बसायचं?"

मुलीनं आजीची चादर नीट केली आणि चहा आणते म्हणून बाहेर गेली.

आता धाकटीनं सरळ थोरलीकडे पाहिलं.

"तोंड फिरवलंस तू."

"हो," थोरली म्हणाली, ओठांनीच.

"इतकी वर्षं समोर उभी राहिलीस. कधी फिरवलं नव्हतंस."

"तू गेल्यावर मी कुणाचं तोंड बघू गं?"

धाकटी म्हणाली, "मी दमलेय. आणि हे सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. तूसुद्धा ओरडणार का?"

मुलगा आत आला तो हातात औषधं घेऊन. थोरली उठली, खाटेला वळसा घालून पलीकडे गेली आणि धाकटीला आपलं तोंड पूर्ण दिसेल अशी उभी राहिली.

"काल मी खोटं बोलले. तिला ऑपरेशन नकोय. घरी जायचंय तिला. खिडकीत बसायचंय."

मुलाचा चेहरा लाल झाला. त्याच्या मिशांत काय हललं ते थोरलीला कळलं नाही, पण हातवारे कळले.

"मिशा काप आणि मग बोल," ती म्हणाली. "आणि मला नको, तिला विचार. मान हलवता येते तिला."

त्यानं आईकडे पाहिलं. धाकटीनं हो म्हणून मान हलवली. तो मटकन स्टुलावर बसला आणि आईच्या पायांवरून हात फिरवत राहिला.

घरच्या खिडकीत धाकटीला बरेच दिवस मिळाले. थोरली रोज जायची. एका दुपारी बोलता बोलता धाकटीचे ओठ वेगळे हलू लागले. थोरलीनं ओळखलं. खात्यात, काम सुरळीत लागलं की धाकटी हे गाणं म्हणायची. घरी कधी म्हणायची नाही. तिथं म्हणे कुणीतरी ऐकेल. *वारा आला गं दारी, त्याला बसायला दे.* थोरली समोर बसून बघत राहिली, पार शेवटच्या ओळीपर्यंत.

तेच शेवटचं. त्या आठवड्यातच धाकटी गेली.

माणसांची ये-जा थांबल्यावर नात एकदा थोरलीकडे आली. समोर बसली, उजेडाकडे तोंड करून.

"आजी गाणं म्हणायची का हो? बाबा म्हणतात, कधीच नाही. पण शेवटी शेवटी तिचे ओठ हलायचे."

"म्हणायची तर. सगळं पाठ आहे मला."

"मग म्हणून दाखवा ना."

थोरलीनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. चष्मा काढून तिनं पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"शब्द आहेत गं माझ्याकडे," ती म्हणाली. "चाल मी कधी ऐकलीच नाही."

मग तिनं मुलीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे नीट वळवून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून, अजिबात आवाज न करता, एकेक शब्द सावकाश तिला दाखवायला सुरुवात केली.