मार्लीसच्या पायातली रेष

मार्लीस टीडेमनच्या बाजूने चेंडू पुढे नेणं म्हणजे खायचं काम नव्हतं. पोरगी अशी आडवी यायची की समोरचीला घाम फुटायचा. पण अडवण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शाळांत तेव्हा पोरींचा बास्केटबॉल सहा-सहा जणींचा असायचा. तीन गार्ड, त्यांनी आपल्या अर्ध्या मैदानात फक्त अडवायचं. तीन फॉरवर्ड, त्यांनी पलीकडच्या अर्ध्यात फक्त बास्केट करायची. मधली रेष कुणी ओलांडायची नाही. पोरींना एवढी धाप सोसवणार नाही, असं म्हणे कुणा शहाण्यांचं मत होतं. याच पोरी पहाटे उठून डुकरांना खाणं घालायच्या, मक्याची पोती उचलायच्या, तेव्हा हे मत कुठे दडी मारून बसायचं कोण जाणे. तर मार्लीस गार्ड, आणि तिची आई अर्डिस, तीही तिच्या काळी गार्डच. मायलेकींनी मिळून जन्मात एकदाही सामन्यात बास्केटकडे चेंडू फेकला नव्हता.

चौऱ्याहत्तर साली मार्लीस कॉलेजात आली. तिथे खेळ पाच जणींचा आणि अख्खं मैदान मोकळं. संघाच्या प्रशिक्षक हॅलव्हरसन बाईंनी सगळं नीट समजावलं. मार्लीसच्या डोक्याला ते कळलं, पायांना कळलं नाही.

पहिल्याच सामन्यात तिने झकास चेंडू पळवला, सुसाट निघाली, आणि मधल्या रेषेवर कुंपणाशी गाय थांबावी तशी थांबली. मागून धावत आलेली तिच्याच संघातली जोलीन तिच्यावर आदळली. दोघी खाली. कपडे व्हॉलीबॉलच्या मुलींकडून उसने आणलेले, त्यावर चिकटपट्टीने लावलेला जोलीनचा आकडाही निघून आला. लोक पोट धरून हसले.

"रेषेत वीज सोडलीय का गं?" जोलीनने विचारलं. ती शिकागोची, तिकडे असली रेष नव्हतीच, तिला यातलं काय कळणार.

बाई मात्र हसल्या नाहीत. सामना संपल्यावर त्यांनी मार्लीसला बाजूला घेतलं. "मला पाचही जणी धावणाऱ्या लागतात. शनिवारी पुन्हा थांबलीस, तर यापुढे बाकावर बसून टॉवेलच्या घड्या घालायच्या."

हा खेळ सुटला तर या कॉलेजात मार्लीसचं म्हणावं असं दुसरं होतं काय? आठवडाभर मुलांचा सराव आटोपून मैदान रिकामं झालं की जोलीन तिचा हात धरून तिला रेषेपलीकडे ओढत न्यायची. तशी ती मुकाट जायचीही. पण समोर कुणी अडवायला आलं की पाय पुन्हा जागच्या जागी.

आईला तिने फोनवर सगळं सांगितलं. अर्डिसचा आधी विश्वासच बसेना. गार्डने पलीकडे जायचं? वर चेंडूही टाकायचा? मग फॉरवर्ड पोरी काय माश्या मारतात? पण शेवटी म्हणाली, मी येते शनिवारी.

ती आली. चर्चला जायचे बूट, मांडीवर चॉकलेटच्या वड्यांचा ट्रे. तिला बघून मार्लीसचा धीर आणखीच खचला. शाळेत असताना पोरगी मधल्या रेषेजवळ आली की अर्डिस दरवेळी गळा काढून ओरडायची, "मार्ले, रेष!" अख्ख्या तालुक्याला तो आवाज पाठ होता.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. मार्लीसने चेंडू पळवला आणि निघाली. रेष जवळ आली. कान आपोआप त्या हाकेकडे लागले, पाय जड झाले. तिने वर बघितलं. आई उभी होती. ट्रे केव्हाच खाली पडला होता, आणि आईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. डोळे हे एवढे मोठे.

मार्लीसला हसूच फुटलं. हसता हसता ती धावतच राहिली, आणि भानावर आली तेव्हा रेष मागे राहिली होती. पुढे बास्केट, आणि ती कशी करतात देवाला ठाऊक. तिने दोन्ही हातांनी, डुकरांपुढे बादली रिकामी करावी तसा, खालून चेंडू भिरकावला. तो फळीवर आपटला, कड्यावर दोन गिरक्या घेऊन आत पडला.

मग काय, जोलीनने तिला उचललीच. हॅलव्हरसन बाईंनी एक टॉवेल तिच्याकडे फेकला. "घे, घाम पूस. घड्या दुसरं कुणी घालेल."

मैदान रिकामं झालं. मुली जमिनीवरच्या वड्यासुद्धा वेचून खात होत्या. मार्लीस आईला शोधत आली, तर अर्डिस मधल्या रेषेपाशी उभी. बूट काढून एका हातात घेतलेले, दुसऱ्या काखेत चेंडू.

"जाऊ?" तिने विचारलं.

"जा की गं आई."

अर्डिसने खाली बघत, जपून पाऊल पलीकडे टाकलं. बूट जमिनीवर ठेवले, नेम धरला आणि चेंडू फेकला. जाळीपर्यंतसुद्धा पोचला नाही. मार्लीसने तो धावत जाऊन आणला आणि म्हणाली, चल आता, बाबा गाडीत खोळंबलेत.

"खोळंबू देत," अर्डिस बाह्या वर सारत म्हणाली. "चेंडू दे इकडे."